जबड्याखालचा खडा

दादा, तुझ्या मरणाची गोष्ट सगळे चुकीची सांगतायत आणि मी मान खाली घालून ऐकतेय. गावात, भोरच्या बाजारपेठेत, माझ्या दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे तीच. जत्रेच्या कुस्त्यांसाठी गडी अडून बसला, ऑपरेशन पुढं ढकललं, डॉक्टर बहीण घसा कोरडा होईस्तोवर सांगत होती पण ऐकलं नाही, आणि एवढ्याशा खड्यानं घात केला. सांगणारा हळहळतो, माझ्याकडं बघतो आणि म्हणतो, "तुमी तरी काय करणार, म्याडम." तुझं तेरावं होऊन आठवडा उलटला. अजून एकदाही "नाही हो, असं नाही झालं" एवढं माझ्या तोंडून निघालेलं नाही.

मी आणि गप्प! तू बारा वर्षांनी मोठा, पण घरात तुझ्या तोंडाला तोंड देणारी मी एकटीच होते. दारात लावायचं झाड कुठलं इथपासून कुठल्या पैलवानानं कुणाला खरोखर चीत केलं इथपर्यंत आपण भांडलो. आई म्हणायची, ही दोघं देवळात गेली तर घंटा आधी कुणी वाजवायची यावरून देवाला ताटकळत ठेवतील. आता भांडायला समोर कुणी नाही, म्हणून वही घेऊन बसलेय. आणि खरं सांगू का, तुला लिहिणं सोपं आहे. ज्या माणसाला हे सांगायला पाहिजे ती तिकडं वेल्ह्याच्या पुढं आपल्या घराच्या पडवीत बसलीय, आणि तिच्यासमोर जायचं म्हटलं की मी दवाखान्यात काहीतरी काम काढून बसते. वहिनीला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

पहिल्या खड्यापासून सुरू करते, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

जेवायला बसलास की डाव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ यायची आणि तासाभरात उतरायची. तू दाढ समजून महिनाभर लवंग चावत बसलास. मग एकदा बाजाराच्या दिवशी यष्टीनं भोरला आलास, मी जिभेखाली बोट घालून बघितलं, आणि बोटाला तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचलं. लाळेच्या ग्रंथीत खडा झालाय म्हणाले, तर तू दवाखाना दणाणून हसलास. "मुतखडा आयकलाय, ह्यो लाळखडा कुठनं काढलास, डाक्टरीणबाई? लाळ गाळायचं वय ऱ्हायलंय व्हय माजं?" बाहेर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मी तुझ्यावर डोळे वटारत होते.

मी तुला सांगितलं, भरपूर पाणी पी, लिंबाची फोड चोखत जा, जबड्याखालून पुढच्या बाजूला बोटानं दाबत आण. आणि सिलिशियाच्या गोळ्या दिल्या. अंगात रुतलेलं काहीही हे औषध बाहेर ढकलतं, असं आमच्या होमिओपॅथीच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. गोळ्यांना हात लावायचा नाही, टोपणात घेऊन जिभेवर टाकायच्या, कांदा-लसूण वर्ज्य, कापराचा वास वर्ज्य. तू कुरकुरत सगळं पाळलंस, आणि दहा-बारा दिवसांनी मीठ लावलेली कैरी खाताना तो खडा आपोआप जिभेवर आला. कागदात बांधून घेऊन आलास. टेबलावर ठेवलास आणि विचारलंस, "आता खरं सांग. लिंबानं निघाला, कैरीनं निघाला, का तुज्या साखरंनं?"

मला राग आला होता दादा. चारचौघांत साखर म्हणालास म्हणून. मी तावातावानं म्हणाले की लिंबू तू जन्मभर खातोयस, मग आजवर काय झालं होतं त्या लिंबाला? आणि तू आयुष्यात पहिल्यांदा हार मानलीस. "बरं बाई, तुज्या गोळीनं निघाला." मी खूश झाले. बारीक खडे बरेचदा आपले आपणच सरकतात, पाण्यानं, आंबटानं, दाबल्यानं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तू केवळ माझं तोंड पडू नये म्हणून हार मानलीस, हे मात्र आत्ता कळतंय.

त्यानंतर तू काय केलंस! जत्रेत कुस्त्यांचं निवेदन तुझ्याकडं. माईक हातात आला की तुझा आवाज पार डोंगरापलीकडं जायचा. दोन कुस्त्यांच्या मध्ये हलगी थांबली की तू पुकारायचास, "मंडळी, कुणाला खड्याचा तरास आसंल, त्यानं भोरला आमच्या बारकीकडं जावं! चिरफाड न्हाई, टाका न्हाई, गोड गोळी आन् खडा हातावर!" माणसं येऊ लागली. वेल्ह्याकडची, पानशेतकडची, आंबवड्याची. मी प्रत्येकाला तुझी गोष्ट सांगायचे. पहिल्या वर्षी गोष्टीत लिंबू होतं, कैरी होती. पुढं पुढं ती गळून पडली आणि नुसत्या गोळ्या राहिल्या. मला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही.

मग दुसरा खडा.

या खेपेला पुण्याच्या सर्जननं फोटो काढून दाखवला. मोठा होता, नळीत नव्हे तर ग्रंथीच्या आत रुतून बसलेला. जबड्याखाली छेद घेऊन ग्रंथीच काढावी लागेल म्हणाले. चांगला माणूस होता, काही लपवलं नाही. ओठाच्या कोपऱ्याकडं जाणारी एक नस तिथूनच जाते, क्वचित तिला धक्का लागतो आणि ओठ काही दिवस वाकडा राहू शकतो, हेही सांगितलं. तू तेवढंच ऐकलंस. माझ्या दवाखान्यात येऊन बसलास तो आधीच तोंड वाकडं झाल्यासारखा.

"वाकड्या तोंडानं माईक धरू व्हय? लोकं कुस्ती बघतील का मला?"

"काढून टाक दादा. मोठा आहे."

"पयला तू काढलास की. ह्यो बी काढ. का म्हातारी झाली तुजी गोळी?"

इथं मी लिंबाचं नाव घ्यायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की पहिला मी नाही काढला, दादा, तो निघाला. एवढं एक वाक्य. त्याऐवजी मला बरं वाटलं. पुण्याचा सर्जन सोडून माझा भाऊ माझ्यापुढं हट्ट धरून बसलाय, याचं मला बरं वाटलं. आणि मी म्हणाले, "बघू. जत्रेपर्यंत बघू, मग ठरवू."

जत्रेपर्यंत हा शब्द माझा होता. तुझा नाही. गाव तुझ्या नावावर खपवतंय तो.

आमच्यात नुसती गाठ बघून औषध देत नाहीत, सगळा माणूस विचारतात. उकाडा सोसवत नाही की थंडी, कुठल्या कुशीवर झोप लागते, राग आला की काय करतो, भीती कशाची वाटते. त्या दिवशी मी तुझा नवा केसपेपर काढला, दार लोटून घेतलं आणि तुला विचारायला लागले. तू आधी थट्टा केलीस. झोपतो कुठल्या कुशीवर ते तुझ्या वहिनीला विचार म्हणालास. मग मी विचारलं, "रडू कधी येतं?" तू टेबलावरची एक बाटली उचलून तिच्यातल्या गोळ्या खुळखुळवल्यास.

"तुला पुण्याला हॉस्टेलात सोडली ना, त्या दिशी. स्वारगेटला यष्टीत बसलो, आन् कात्रज यायच्या आत रुमाल भिजला. कंडक्टर म्हनला, पाव्हणं, कोन गेलं का? म्हनलं न्हाई वं, बहीण डाक्टर व्हाया ऱ्हायली."

इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. आबा गेल्यावर तू शाळा सोडून औतामागं लागलास, माझी पुस्तकं, माझी खोली, माझा पांढरा कोट सगळं त्या भाताच्या खाचरांतून आलं, ते मला माहीत होतं आणि दरवर्षी राखी बांधताना मी ते तोंडानं म्हणायचेही. पण रुमालाचं माहीत नव्हतं. मी उठून तुला मिठी मारायला हवी होती. मी केसपेपरवर लिहिलं, "भावनाप्रधान. एकांतात रडतो." आणि लक्षणांचं जाडजूड पुस्तक उघडून त्यात तुला शोधायला लागले.

तो कागद माझ्याकडं आहे. फाडवत नाही.

जत्रेला पाच-सहा दिवस राहिले असताना, मंगळवारी तू आलास. गाठ हुळहुळी झाली होती, थोडी लाल दिसत होती. मी त्याच सिलिशियाची पॉवर वाढवली, एकदम वरची, एकच डोस, समोर उभं राहून तुझ्या जिभेवर टाकला. आणि निघताना तुला बजावलं, "दोन दिवसांत सूज आधी वाढेल. घाबरायचं नाही. औषध लागू पडलं की आधी वाढतं, मग उतरतं." हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. मी शेकडो रोग्यांना हे सांगितलंय. त्यातल्या बहुतेकांना साधी पुरळ होती, सर्दी होती, त्यांचं वाढलं आणि उतरलं, आणि मी बरोबर ठरत गेले. तेच वाक्य मी पू धरत असलेल्या गाठीला लावलं. सूज वाढली तर औषध चांगलं, नाही वाढली तरी चांगलं. ज्या वाक्यात चूक पकडायला जागाच नाही ते वाक्य मी तुझ्याबरोबर गावाला पाठवलं.

गुरुवारी दुपारी चारला तुझा फोन आला. बाकावर पाच-सहा जण बसलेले होते.

"बारके, वाढलीय गं."

"किती?"

"जबड्याखाली समदं ताठ झालंय. दोनी अंगानं. थुकी गिळाया बी जड जातंय."

तुझा आवाज जाड येत होता. मी विचारलं, "जेवतोयस का? तोंडात घास आहे का?"

"न्हाई गं. आसंच येतंय बोलाया."

दादा, हे मी कॉलेजात शिकलेय. दोन्ही बाजूंनी कडक सूज, गिळता न येणं, तोंडात काहीतरी ठेवल्यासारखा आवाज. जीभ वर ढकलली जाते, श्वासाची वाट बंद होत जाते, तासातासाचा खेळ असतो. परीक्षेत आलं होतं आणि मी ते अचूक लिहिलं होतं. कुणी रस्त्यात उभं करून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. पण हे मला विचारणारा तू होतास, औषध माझं होतं आणि वाढणार हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. मी तुझा आवाज ऐकला आणि मला त्यात माझंच म्हणणं खरं झालेलं ऐकू आलं.

"हितल्या सरकारी दवाखान्यात गेलतो. डाक्टरनं कॅप्सूल दिल्यात. म्हनला, ह्या घ्या आन् उतरलं न्हाई तर पुण्याला गाठा. घिऊ का?"

"आजचा दिवस थांब. लागू पडलंय म्हणून तर वाढलंय. मध्येच दुसरं घेतलंस तर सगळं मोडेल."

"बरं. तू म्हनतीस तर थांबतो."

फोन ठेवला आणि बाकावरच्या बाईला म्हणाले, "माझ्याच भावाचा होता. लागू पडलंय बघा." ती बाई मान डोलावून हसली. तिचं तोंड मला रोज दिसतं.

शुक्रवारी सकाळी सातला वहिनीचा फोन. "वन्सं, ह्यांची जीब वर आलीया, लाळ गळतीया, आडवं व्हता येईना, बोलता येईना." मागून तुझ्या श्वासाचा आवाज येत होता. मी ओरडले, पुण्याला न्या, आत्ताच्या आत्ता, थांबू नका. शेजारच्या बबननं त्याची पिकअप काढली. मी स्कूटी काढली, नसरापूर फाट्यावर तुम्हाला गाठायचं म्हणून. कापूरहोळ सोडलं, कामथडी आली आणि खिशात फोन वाजायला लागला. मी रस्त्याच्या कडेला थांबले. बबन होता.

"ताई, आता सावकाश या," म्हणाला.

एवढंच म्हणाला तो. घाई नको, सावकाश या. मी स्कूटी तशीच उभी ठेवून मातीत बसले. ट्रक जात होते, त्यांचा वारा लागत होता. किती वेळ बसले सांगता येत नाही. फाट्यावर पोचले तेव्हा तू पुढच्या सीटवर बसलेलाच होतास, मान मागं टाकून, गळ्यात टॉवेल. वहिनीनं तुझा हात धरून ठेवला होता. मी जबड्याखाली हात लावला. लाकूड झालं होतं.

दशक्रियेला नदीवर सगळं गाव होतं. पिंड नीट मांडून व्हायच्या आत कावळा आला. लोक म्हणाले, गडी तृप्त गेला, काही इच्छा राहिली नाही. दादा, मी तिथं हात जोडून मनातल्या मनात म्हणत होते, शिवू नको, शिवू नको. वाटत होतं कावळ्यानं अडून बसावं, सगळ्यांनी नाना वचनं द्यावीत, हे करू ते करू म्हणावं, आणि तरी त्यानं खाली उतरू नये. मग मला सगळ्यांदेखत पुढं व्हावं लागलं असतं. पण त्यानं एका झपाट्यात सगळं उरकलं. काका म्हणाले, "जत्रंनं खाल्लं ह्याला." आणि वहिनी, जी दहा दिवसांत कुणाशी धड बोलली नव्हती, ती खणखणीत आवाजात म्हणाली, "वन्सं सांगून सांगून दमल्या. ह्यांनीच आयकलं न्हाई." मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मला वाटलं, तिला माहीत नाही. मला वाटलं, बिचारी माझी बाजू घेतेय.

आणि तुझा पण राग येतो मला! जन्मभर माझं एक ऐकलं नाहीस. दारात शेवगा लावू नको म्हटलं, लावलास. फाटकं शिवून दंड घातलेलं धोतर टाकून दे म्हटलं, तेच नेसून माझ्या लग्नात मिरवलास. तंबाखू सोड म्हटलं की मुद्दाम माझ्यासमोर चुना मळायचास. आणि जिथं ऐकायचं नव्हतं तिथं शहाण्या बाळासारखा "बरं" म्हणालास? का म्हणालास? त्या गुरुवारी भांडायचं होतंस. म्हणायचं होतंस, बारके, गप बस, माझा जीव चाललाय, मी घेतोय कॅप्सूल. मी फोन आपटला असता, आठ दिवस बोलले नसते, आणि तू असतास.

दवाखाना उघडलाय मी, पण औषधांचं कपाट उघडते आणि तसंच बंद करते. या गोळ्यांनी आजवर काय झालं आणि काय नाही, हे मला आता ठरवता येत नाही. परवा आंबवड्याचा एक माणूस आला, जेवताना जबड्याखाली गाठ येते म्हणून. मी त्याला चिठ्ठी लिहून दिली, आजच सर्जनला दाखवा म्हणाले. तो चिडला. म्हणाला, "तुमी खडा काढता म्हणून तर आलो. जत्रंत तुमच्या भावानं पुकारलं व्हतं." मी त्याच्या हातापाया पडले, अक्षरशः. तो घाबरून निघून गेला. पुण्याला गेला की नाही, माहीत नाही.

इथवर लिहून चार दिवस वही मिटून ठेवली होती. आज पुन्हा उघडली, कारण काल मी गावाला जाऊन आले.

वहिनी घरी एकटीच होती. तुझी लेक परत नांदायला गेली. दारापुढं भाताचं बियाणं उन्हात पसरून ती राखत बसली होती. मला बघून उठली, पाण्याचा तांब्या दिला. मी पाणी प्याले नाही. उभ्या उभ्याच बोलायला लागले, कारण बसले असते तर पुन्हा शेतीचं, राब भाजायचा राहिलाय त्याचं, असलंच काहीतरी बोलले असते. म्हणाले, वहिनी, दादानं मला गुरुवारी फोन केला होता. कॅप्सूल घेऊ का म्हणून विचारलं होतं. मी थांब म्हणाले. जत्रेपर्यंत थांबू हेही मीच म्हणाले होते. त्यानं माझं ऐकलं म्हणून तो गेला.

तिनं कोंबडी हाकलली. मग म्हणाली, "ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"फोन स्पीकरवर व्हता, वन्सं. गालाला लावता येत न्हवता त्यास्नी. म्या हातात धरून हुबी व्हते."

दादा, ती तुझ्या शेजारी उभी होती. सगळं ऐकत होती. कामथडीपासून नदीच्या घाटापर्यंत मी जे एकटीचं समजून उरावर घेऊन फिरत होते ते तिला पहिल्यापासून माहीत होतं.

"मग तुम्ही सगळ्यांसमोर माझी बाजू का घेतलीत?"

"तुमची कुठं घेतली?" ती बियाणावर हात फिरवत म्हणाली. "माजी घेतली. तुमचं नाव निघालं आसतं तर मागनं माजं निघालं आसतं."

मला काही समजेना. मग ती सांगत गेली. रात पडायच्या आधीच तुला सोसेना झालं होतं. तू हातानं खुणा करत होतास, फळीवरच्या कॅप्सूलकडं. बोलता येत नव्हतं, पण मागत होतास. "आन् म्या न्हाई दिल्या. म्हनलं, वन्संनी थांबा म्हनलंय, सगळं मोडंल. त्यांनी हात पुढं केला तर म्या पुडी उचलून वरच्या फळीवर टाकली. त्यास्नी उठवत न्हवतं. म्या टाकली, वन्सं. म्या."

तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. गेले तीन आठवडे ही बाई घराच्या त्या फळीखाली उठतेय, बसतेय, चूल पेटवतेय, आणि मी भोरला बसून तिला तोंड कसं दाखवू याचा विचार करत होते. तिला काय झालं असेल याचा विचार मी एकदाही केला नव्हता. माझं वाक्य तुझ्या गळ्यातच नाही अडकलं दादा. ते तिच्या हातात गेलं.

मग तिनं वर बघितलं. "तुमी डाक्टर हाईसा. खरं सांगा. तवा म्या त्या गोळ्या दिल्या आसत्या, तर वाचलं आसतं का वं?"

तुला माहीत आहे मी किती पटकन उत्तर देते. काल मला ते सुचेना. संध्याकाळी कॅप्सूल पोटात गेल्या असत्या तर? कदाचित उशीर झाला असता. कदाचित सूज थोडी थोपवली गेली असती, सकाळपर्यंत निभावलं असतं, पुणं गाठलं असतं. हे कुणालाच सांगता येणार नाही. खरं उत्तर "माहीत नाही" असं होतं. पण "माहीत नाही" म्हणाले असते तर ती मरेपर्यंत त्या फळीकडं बघत बसली असती.

मी म्हणाले, "नाही वहिनी. कॅप्सूलनं काही झालं नसतं. कॅप्सूल द्यायची वेळ केव्हाच गेली होती. दुपारीच पुण्याला नेलं असतं तर वाचला असता. आणि ते सांगायचं काम माझं होतं. तुमचं नव्हतं."

"नक्की?"

"नक्की."

"देवाशपथ?"

"दादाची शपथ."

मग हळूहळू तिचा चेहरा बदलला. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"म्हंजे तुमच्यामुळं गेले."

"व्हय," मी म्हणाले. इतकी वर्षं शहरी बोलण्याची सवय, पण तोंडातून व्हय निघालं.

"मग जावा तुमी आता," ती म्हणाली. "वर्षसराद्धाला या. तवर माज्या दारात येऊ नगा." आणि खाली बसून बियाणं सारखं करायला लागली. मी वाकून तिच्या पाया पडले. तिनं पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. फाट्यावर येऊन यष्टीची वाट बघत उभी राहिले आणि तिथं मला रडू आलं, पहिल्यांदा, मोठ्यानं. बसस्टॉपवरचा एक म्हातारा विचारत होता, कोण गेलं का बाई.

दादा, मी तुझी खोटी शपथ घेतली. आजवर माझ्या प्रत्येक म्हणण्याला तू मोडता घातलास, तो तुझा हक्कच होता. पण हे एक मागते. मला काय म्हणायचं ते म्हण, माझ्या स्वप्नात येऊन शिव्या दे, रोज ये. फक्त कधी वहिनीच्या स्वप्नात गेलास आणि तिनं कॅप्सूलचं विचारलं, तर माझं म्हणणं खोडू नकोस.